कॉलेजचा नवशिक्यांचा गायनवर्ग : चाळीस तासांत काय येतं, काय राहून जातं

आधी निकाल. सूर-तालातलं काही ठाऊक नाही, पण ‘आपला गळा गाण्याचा आहे की नाही’ ही शंका ज्यांना वर्षानुवर्षं छळते आहे, त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. डिसेंबरच्या गॅदरिंगला माईक धरून भावगीत म्हणायचं असेल त्यांनी लावू नये. सोळा आठवड्यांत इथे एकही भावगीत शिकवत नाहीत. एक सरगमगीत, भूप रागातली एक छोटी बंदिश, यमन रागाची तोंडओळख आणि बाकी सगळे अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे. ऐकायला रुक्ष वाटतं, पण नवख्याच्या गळ्याला जे लागतं ते नेमकं हेच.

वर्ग कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाचा. संध्याकाळी, आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. कागदावर ४८ तास भरतात. गणपती, नवरात्र, दिवाळी, सत्रपरीक्षा वजा केल्या की हातात चाळीसच्या आसपास राहतात. विद्यार्थी चोवीस, त्यात अकरावीच्या पोरांपासून एम. कॉम.च्या मुलींपर्यंत सगळे. फी खासगी शिकवणीच्या महिना-दीड महिन्याच्या पैशांत बसते. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, आणि पुढच्या जूनला त्याच असतील याची खात्री कॉलेजलाही नसते. म्हणून या वर्गात काय चांगलं, काय वाईट हे सांगताना ते का चांगलं-वाईट हेही सांगतो; कुठल्याही कॉलेजच्या वर्गाला हीच मापं लावून बघता येतील.

सगळ्यात पहिलं माप पट्टीचं, म्हणजे आपला सा कुठल्या सुरावर धरायचा याचं. नवशिक्यांचे निम्मे वर्ग इथेच फसतात. मुलं-मुली एकत्र, म्हणून मधली म्हणून पांढरी चार, म्हणजे पेटीची (हार्मोनियमची) चौथी पांढरी पट्टी धरायची आणि सगळ्यांना एका सुरात ओढायचं, ही सररास चालणारी पद्धत. जड आवाजाच्या एखाद्या मुलीला पांढरी चार चालून जाते. मुलग्यांना मात्र तार (वरच्या) सप्तकात गंधाराकडे (ग) जाताना नरडं आवळावं लागतं, आणि पातळ आवाजाच्या मुलींचा मंद्र पंचम (खालचा प) नुसती हवा होऊन बाहेर पडतो. चार महिने असं गायलं की मुलगा ओरडायला शिकतो आणि मुलगी पुटपुटायला. मग दोघंही ‘आपल्याला गळा नाही’ म्हणून वही बंद करतात. गळा असतो, पट्टी चुकलेली असते.

या वर्गात पहिल्या दोन तासांत प्रत्येकाची पट्टी काढतात, आणि त्यासाठी या वर्गाला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. रीत सोपी आहे, घरीही करता येते. पेटीवर एकेक पट्टी खाली उतरत ‘आ’ लावायचा. एका ठिकाणी आवाज घरघरायला लागतो किंवा फुसकाच येतो. त्याच्या अलीकडचा जो शेवटचा स्वच्छ सूर, तो आपला मंद्र पंचम धरायचा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत पाच पट्ट्या वर गेलं की आपला सा. समजा, एखाद्या मुलाचा शेवटचा स्वच्छ सूर काळी चार निघाला. वर मोजायचं: पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक. पाचवी आली काळी एक, तोच सा. मग वरच्या बाजूने पडताळा घ्यायचा. मान न ताणता, भुवया न चढवता तार गंधार लागला तर हिशेब बरोबर. नाहीतर एक पट्टी खाली यायचं. साधारणपणे मुलगे पांढरी एक ते काळी दोन आणि मुली पांढरी पाच ते काळी पाच यांच्या दरम्यान बसतात. अपवाद असतातच.

मोजणीत दोन चुका हमखास होतात. सकाळी उठल्या उठल्या आवाज जड असतो, तेव्हा मोजलं तर पट्टी एक-दोन घरं खाली येते. सर्दी असली तरी तेच. म्हणून मोजायचं संध्याकाळी, दिवसभर बोलून आवाज मोकळा झाल्यावर. दुसरी चूक आवडत्या गायकाची पट्टी स्वतःवर लादण्याची. बूट मोठा झाला तर कळतो, पट्टी मोठी झालेली कळायला सहा महिने जातात. अकरावीतल्या काही मुलग्यांचा आवाज अजून बसत असतो. त्यांची पट्टी सत्राच्या मध्यावर पुन्हा मोजायला हवी. इथे ती मोजली जात नाही, आपणहून आठवण करून द्यावी लागते.

पट्ट्या वेगळ्या निघाल्यावर पुढे काय, तर मॅडमनी मुलग्यांना काळी एक आणि मुलींना काळी चार अशी ढोबळ विभागणी केली आहे. काळी एकच्या ‘सा’ला सेकंदाला सुमारे १३९ कंपनं, काळी चारच्या ‘सा’ला सुमारे २०८. म्हणजे दोघांत बरोबर सा-पचं अंतर. इथे एक मोह होतो: तानपुरा एकच ठेवू, मुलग्यांचा पंचम तोच मुलींचा षड्ज (सा). गणितात बसतं, गाण्यात नाही. मुलग्यांचा सा हा मुलींच्या हिशेबाने मध्यम (म) होतो. मुली भूप गायला बसल्या तर कानात अखंड मध्यम वाजत राहतो, आणि भूपात मध्यमच वर्ज्य आहे. म्हणून इथे मोबाइलवर दोन तानपुरे लावतात आणि आळीपाळीने गाऊन घेतात. मुली गात असताना मुलग्यांनी हातावर ताल धरायचा. वेळ निम्मा होतो अशी कुरकुर असते, पण दुसऱ्याचा बेसूर ऐकल्याशिवाय स्वतःचा कळत नाही, त्यामुळे ती पंचेचाळीस मिनिटं फुकट गेली असं म्हणता येणार नाही.

यानंतर सहा तास फक्त सा. यातच पाच-सहा जण गळतात. कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणी डाव शिकवत नाही, बैठका मारायला लावतात. शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान आणि १९१५ सालचं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, एकमेकांना लागून उभारलं. दोन्हीकडच्या मेहनतीची जात एकच.

‘सा’चा रियाझ इथे असा घेतात. दोन मिनिटं नुसता तानपुरा ऐकायचा, तोंड बंद. मग ओठ मिटून गुणगुणत सा धरायचा, आणि सूर बसला असं वाटलं की हळूच तोंड उघडून आकार, म्हणजे ‘आ’, करायचा. दहा-बारा सेकंद, मग थांबायचं, दोन श्वास घ्यायचे, पुन्हा. असं दहा वेळा. दात दोन बोटं मावतील एवढे उघडे, जबडा सैल, जीभ खालच्या दातांच्या मागे निवांत.

बिघडतं ते तीन ठिकाणी. सुरुवातीला सूर खालून चढत येतो, कारण तो मनात ऐकण्याआधीच तोंड उघडलेलं असतं. मध्ये आवाज मोठा केला की सूर चढतो. शेवटी श्वास संपत आला की सूर उतरतो, कारण माणूस उरलेल्या चिमूटभर हवेवर आणखी दोन सेकंद ओढत असतो. तिन्हींवर मॅडमचा उपाय फार चांगला आहे. एकाने सा धरायचा आणि दुसऱ्याने त्यात मिसळायचा. दोन सूर अगदी जवळ पण वेगळे असले की हवेत डुगडुग ऐकू येते. दोघांच्या कंपनांत दोनचा फरक असेल तर सेकंदाला दोन हिसके, एकाचा असेल तर एक. सूर जुळत आला की डुगडुग मंदावते आणि जुळला की थांबते. ज्याने ती डुगडुग एकदा कानाने पकडली, त्याला ‘तू बेसूर आहेस’ हे सांगायला शिक्षकाची गरज उरत नाही. चाळीस तासांतल्या एकाच गोष्टीसाठी फी भरायची असेल तर ती याच्यासाठी भरावी.

पेटीबद्दल मात्र वर्गाचं धोरण दोन्ही डगरींवर आहे. ‘सा’च्या तासांना पेटी बंद. मॅडम एक सूर देतात, भाता सोडतात, मुलं सूर धरतात, दहा सेकंदांनी पेटी पुन्हा वाजवून कोण किती सरकलं ते बघतात. उत्तम. अलंकार सुरू झाले की मात्र पेटी सतत वाजायला लागते आणि सगळे तिच्या मागे लपतात. पेटी वाजतेय तोवर आपण सुरात आहोत असं वाटतं; ती थांबली की चोवीस जणांचे चोवीस षड्ज. शिवाय पेटीचे सूर समान वाटणीचे असतात. तानपुऱ्याची खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) तार नीट लागली की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो. पेटीचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा जवळजवळ सातवा हिस्सा. नवख्याला हा फरक सांगून कळत नाही, पण वर्षभर पेटीवरच गंधार घोटला की नंतर तो तानपुऱ्यावर बसवायला जड जातं. पेटी वाईट नाही. ती काठीसारखी वापरावी, वाट सापडली की बाजूला ठेवावी.

श्वासाचं शिक्षण चांगलं आहे, थोडं घाईचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना पाठीवर झोपवून पोटावर वही ठेवायला लावतात. श्वास घेताना वही वर, सोडताना खाली, खांदे जमिनीला. मग उभं राहून दातांतून ‘स्स्स’ करत एका धारेत हवा सोडायची, सुरुवातीला पंधरा सेकंद, महिन्याभरात पंचवीसपर्यंत. धार तुटता कामा नये आणि शेवटी धाप लागता कामा नये. नवखे लोक छाती फुगवून गच्च श्वास भरतात. मग ती सगळी हवा एकदम बाहेर येऊ बघते, तिला अडवायला नरडं आवळतं, आणि सूर दणकून सुरू होऊन लगेच ढेपाळतो. पाऊण श्वास पुरतो. ही गोष्ट मॅडम तोंडी सांगतात, पण प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बघायला त्यांना वेळ मिळत नाही. आरशासमोर उभं राहून स्वतःच बघावं: श्वास घेताना गळपट्टीजवळची कॉलर वर सरकली की श्वास चुकला.

आवाज तापवायला इथे दोन युक्त्या वापरतात, आणि त्या बघून आमच्या जुन्या मंडळींच्या भुवया वर जातात. एक, घोड्यासारखे ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली सूर फिरवणं. दुसरी, ग्लासात दोन-तीन बोटं पाणी घेऊन त्यात शीतपेयाची नळी बुडवायची आणि नळीतून गुणगुणत बुडबुडे काढायचे. दिसायला पोरखेळ, पण त्यामागे कारण आहे. पुढे ओठांनी किंवा पाण्याने अडथळा केला की हवेचा थोडा दाब स्वरतंतूंच्या वरच्या बाजूनेही राहतो, आणि ते एकमेकांवर न आपटता हलके मिळतात. पाच मिनिटं हे केलं की सुरुवातीचा खरखरीतपणा जातो. बुडबुडे अखंड यायला हवेत. मध्येच तुटले तर श्वासाची धार तुटली. मंद्र साधना त्यानंतरच. खर्ज म्हणजे खाली दाबून गुरगुरणं नव्हे. तळाच्या सुरावरही ‘आ’ स्वच्छ ऐकू आला पाहिजे, नाहीतर तिथून एक सूर वर थांबायचं.

अलंकारांवर फार लिहीत नाही. सारेग रेगम, सारेगम रेगमप, सागरेम या चालीचे आठ-दहा पलटे होतात, आधी सरगमीत, मग आकारात, आधी बरोबरीत, मग दुपटीत. सरगमीत सुरेल जाणारा विद्यार्थी आकारात लगेच घसरतो, कारण ‘ग’, ‘म’ ही अक्षरं सुराला टेकू देतात. तेव्हा दुप्पट लय घेण्याआधी आकार पक्का करावा. इथे उलट होतं, लय आधी वाढवतात. जोश येतो, सूर जातो.

भूपाला चार आठवडे दिलेत, ते योग्य. सा रे ग प ध सां, सां ध प ग रे सा; पाच सूर, कोमल-तीव्र भानगड नाही, गंधार वादी (मुख्य सूर), धैवत संवादी (त्याच्या खालोखालचा). सोपा म्हणून शिकवतात, पण त्याचेही खड्डे आहेत. पंचमावरून गंधारावर येताना नवखा गळा मधला मध्यम चाटून येतो. लहानपणापासून कानात सात सुरांची शिडी असते आणि पाय आपोआप मधल्या पायरीवर पडतो. उपाय एकच, प-ग, प-ग असं तुटक घ्यायचं, मध्ये क्षणभर थांबून, आणि थांबल्यावर गंधार मनात ऐकून मगच लावायचा. दुसरा खड्डा उतरताना: ग रे सा म्हणता म्हणता रिषभ खाली बसतो आणि षड्ज आपल्या जागेहून थोडा खालीच उतरतो. चार आवर्तनांनंतर अख्खा वर्ग अर्धी पट्टी खाली गेलेला असतो आणि कोणालाच पत्ता नसतो. म्हणून तानपुरा मध्येच बंद करायचा नाही. मॅडम सूचना सांगायला म्हणून बंद करतात आणि पुन्हा सुरू करायला विसरतात.

यमन शेवटच्या दोन आठवड्यांत उरकलाय. तीव्र मध्यम हा या टप्प्यावरचा सगळ्यात निसरडा सूर. शुद्ध मध्यमाच्या सवयीने तो खालीच राहतो, किंवा पंचमाला जाऊन चिकटतो. त्याला दोन आठवडे पुरत नाहीत. त्यापेक्षा यमन पुढच्या सत्रावर टाकून दुर्गा राग दिला असता तर बरं झालं असतं.

ताल शिकवण्याची हातोटी चांगली. तीनताल सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग, टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर, ‘खाली’ (बिनटाळीची मात्रा) नवव्यावर. हे पाठ सगळ्यांनाच होतं. अडतं ते तबला लागल्यावर. ठेक्यात नववी मात्रा ‘धा’ आहे. डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा) गप्प होतो तो दहावीपासून, ‘तिं तिं ता’वर, आणि ‘ता’ या तेराव्या मात्रेवरही तो गप्पच असतो. परत येतो चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर. डग्ग्याच्या घुमाऱ्याचा आधार घेणारा नवखा चौदावीलाच तेरावी समजतो, टाळी तिथे देतो आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एक मात्रा मागे पोचतो. मॅडम यासाठी ‘ता’ मोठ्याने बोलून टाळी द्यायला लावतात. आठवडाभरात बहुतेकांची सम जागेवर येते.

आता तक्रारी.

खोलीतल्या कपाटावर मिरजेचा एक तानपुरा खोळीत बसून असतो. सत्रभर तो खाली उतरत नाही. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गाव इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, आणि कोल्हापुरातली मुलं मोबाइलमधला तानपुरा ऐकून गाणं शिकतायत. कारण असं देतात की पावसाळ्यात तारा उतरतात, लावण्यात वेळ जातो. खरं आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो दर पंधरा मिनिटांनी लावावा लागेल. पण लावणं हेच तर कानाचं शिक्षण. पहिली तार मंद्र पंचमाला, मधल्या जोडाच्या दोन षड्जाला, शेवटची खर्जाला. मग मणी सरकवून बारीक फरक मिटवायचा, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी (तारेचा झणत्कार) खुलवायची. दिवाळीनंतर कोरड्या हवेत दर तासाला दोघांना दहा मिनिटं दिली तरी सत्र संपेपर्यंत सगळ्यांच्या हाताखालून एकदा जाईल.

मोबाइलचा तानपुरा वापरायचा तर नीट तरी वापरावा. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला ६९ कंपनांच्या आसपास असते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून एवढा खोल आवाज निघतच नाही, वरचा झणझणाट तेवढा ऐकू येतो. आणि झणझणाटावर सा धरणं म्हणजे बुंध्याऐवजी फांदीला लोंबकळणं. कॉलेजने एक बऱ्यापैकी स्पीकर घेतला तर वर्गाचा दर्जा त्याच दिवशी सुधारेल. घरी रियाझ करताना एका कानात इअरफोन, दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा, हे चालतं.

दुसरी तक्रार वहीची. दर आठवड्याला अर्धा तास व्याख्या उतरवून घेण्यात जातो. नाद, श्रुती, थाट, राग, वादी, संवादी. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी शिकवतात ती हवीच: कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सुराला खाली टिंब, तार सप्तकातल्या सुराला वर. तेवढ्याने बंदिश वाचता येते. बाकी व्याख्यांचा एक झेरॉक्स कागद दिला असता तर आठ तास गायला मिळाले असते.

तिसरी, वेळेची. नव्वद मिनिटांत चोवीस जण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटंही धड येत नाहीत. घोळक्यात गाणं वाईट नाही, बुजऱ्या माणसाला आडोसा मिळतो. पण घोळक्यात चूक लपते. मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून ऐकायची सवय लावा. पहिल्यांदा ऐकताना ‘हा माझा आवाज नव्हे’ असं वाटेल, कारण एरवी आपण तो कानाइतकाच हाडांतूनही ऐकत असतो. तो तुमचाच आहे. दर रविवारी एकाच अलंकाराचं एक मिनिट, तारखेसह जपून ठेवा; सुधारणा होतेय का हे चार आठवड्यांनी सांगायला कोणी लागणार नाही.

गळ्याच्या निगेबद्दल वर्गात जे सांगतात त्यात थोडं खरं, थोडं ऐकीव. ज्येष्ठमध चघळलं की बरं वाटतं, पण गिळलेली कुठलीच गोष्ट स्वरतंतूंना लागत नाही. ती अन्ननलिकेत जाते, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर पाणी पीत राहिल्याने आणि वाफेने. थंड पाण्याचा बागुलबुवा उगाच मोठा केलाय. खरा शत्रू वेगळा आहे, आणि तो आपल्या ताटात असतो. कटाची मिसळ किंवा तांबडा रस्सा हाणून तासाभरात गायला बसलं की आम्ल वर येतं, घशात खवखव होते आणि माणूस सारखा खाकरतो. खाकरणं म्हणजे स्वरतंतू एकमेकांवर घासणं. मिसळ सोडा असं कोल्हापुरात कोण सांगणार! गाण्याच्या दोन-अडीच तास आधी खा, एवढंच. आणि खाकरायची हुक्की आली की पाण्याचा घोट घ्या.

रियाझ रोज वीस मिनिटं पुरे. पाच मिनिटं फुरफुर आणि गुणगुण, पाच मिनिटं सा, दहा मिनिटं अलंकार. रविवारी दोन तास काढून आठवड्याची भरपाई होत नाही, उलट आवाज बसतो. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या कसलेल्या गवयाचा आवाजही तरुणपणी अति गाण्याने गेला होता आणि परतला तो बदलून. शाहू महाराजांच्या दरबारी त्यांनी गायलं ते त्या बदललेल्या आवाजानेच. आपण तर अजून ‘सा’वर आहोत. गाऊन झाल्यावर बोलताना आवाज घोगरा येत असेल तर त्या दिवशी जास्त झालं. घोगरेपणा दोन-तीन आठवडे हटला नाही तर काढे पुरेत, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं.

सत्राअखेर कॉलेज प्रमाणपत्र देतं. भिंतीवर लावायला ठीक. परीक्षा द्यायचीच असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण असा रस्ता आहे; या वर्गाच्या जोरावर प्रारंभिकची बरीचशी तयारी होते. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते मूळचे आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे, आणि शिकले मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. वर्गात पलुस्करांचा फोटो आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. पुढे मन लावून शिकायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, आणि शतकाहून जुना गायन समाज देवल क्लब आहे. तिथल्या मैफलींना जाऊन बसणं हाही रियाझच. पहिल्यांदा जाल तेव्हा राग ओळखायच्या फंदात पडू नका. गवई सा कसा लावतो आणि तानपुरा लावायला किती वेळ घेतो एवढंच बघा.

प्रवेश जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ऑफिसच्या खिडकीवर. फॉर्मबरोबर ओळखपत्राची झेरॉक्स आणि एक फोटो. पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा: मुला-मुलींना पट्टी एकच की वेगळी? खिडकीतल्या माणसाला कळणार नाही, म्हणून तो शिकवणाऱ्यांनाच गाठून विचारा. ‘एकच’ असं उत्तर आलं तर दुसरा वर्ग बघा. इथेच आलात तर पहिल्या दिवशी लवकर या आणि खिडकीकडची पुढची बाजू धरा. मागच्या दोन ओळी थेट पंख्याखाली आहेत आणि त्या घरघरीत मोबाइलचा तानपुरा अजिबात ऐकू येत नाही.